कुणीतरी जाईलच की!

मैत्रिणींनो, आमच्या इमारतीत बारा बिऱ्हाडं. मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. भर दुपारी गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली. मी कुरडयांचा चीक घोटत होते. म्हटलं, खालच्या वहिनी करतील मोटार बंद. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. शेवटी हात पुसत उतरले, तर जिन्यातच वहिनी भेटल्या. "अगंबाई, मला वाटलं तुम्ही बंद केली असेल!" आम्ही दोघी खूप हसलो.

टाकीचं पाणी हसण्यावारी नेता येतं हो. पण त्याच जिन्यातून येणारा दुसरा एक आवाज मी कितीतरी महिने तसाच सोडून दिला होता. आज तुम्हाला तेच सांगायचं आहे.

वरच्या मजल्यावर एक तरुण जोडपं राहतं. रात्री दहाच्या सुमारास तिथं भांडं आपटायचं. मग त्याचा चढलेला आवाज, आणि मग तिचं दाबून धरलेलं रडणं. आमच्याकडे टीव्ही जरा मोठा व्हायचा. सकाळी कचऱ्याच्या गाडीपाशी आम्ही साऱ्याजणी जमत असू, आणि बोलत असू भाजीच्या भावावर! बाकीच्या गप्प आहेत, तेव्हा फारसं काही नसेल, असं मला वाटे. आणि मी गप्प, म्हणून त्यांनाही तसंच वाटत असणार.

माझी मुलगी कॉलेजात मानसशास्त्र शिकते. एकदा तिनं मला तिच्या पुस्तकातला एक प्रयोग वाचून दाखवला. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये कीटी जेनोवीज या तरुणीचा तिच्या घराजवळच खून झाला. ३८ शेजाऱ्यांनी ते पाहिलं आणि कुणी हललं नाही, असं वर्तमानपत्रात छापून आलं. ती बातमी फुगवलेली होती, हे पुढे उघड झालं. पण त्यावरून जॉन डार्ली आणि बिब लताने या दोन मानसशास्त्रज्ञांना प्रश्न पडला, की माणसं का हलत नाहीत?

त्यांनी विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून माइकवरून एकमेकांशी बोलायला लावलं. बोलता बोलता एकाला झटका आल्याचा आवाज येई. तो खरा नव्हता, आधीच टेप केलेला होता. हे ऐकणारे आपण एकटेच आहोत, असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले १०० पैकी ८५ मदतीला उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं ज्यांना वाटलं, त्यांच्यातले फक्त ३१! हे निष्कर्ष १९६८ साली प्रसिद्ध झाले.

पण माझ्या मनाला लागलं ते पुढचंच. जे उठले नाहीत ते निर्दय नव्हते. त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम फुटला होता. जबाबदारी प्रसादासारखी सगळ्यांत वाटली गेली, की प्रत्येकाच्या हातावर कणभरच येते!

म्हणून माणसं वाईट असं मात्र समजू नका. २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात इंग्लंड, नेदरलँड्स आणि दक्षिण आफ्रिकेतल्या रस्त्यांवरच्या भांडणांचं कॅमेऱ्यातलं चित्रण तपासलं होतं. दहांतल्या नऊ वेळा कुणी ना कुणी मध्ये पडलंच होतं. पण रस्त्यावर सगळं उघड असतं. बंद दाराआडचं ऐकू येतं, दिसत नाही, आणि 'त्यांच्या घरचा मामला' म्हणायला आपण मोकळ्या!

त्या आठवड्यात पुन्हा भांडं आपटलं. मी यांना जिन्यात उभं केलं, हातात वाटी घेतली आणि वर जाऊन बेल वाजवली. आवाज थांबला. दार त्यानंच उघडलं. म्हटलं, "विरजण हवं होतं हो थोडं." ती आतून आली. तिचा हात कापत होता, माझाही.

२००८ साली आपल्या देशात 'बेल बजाओ' नावाची मोहीम निघाली होती, तीही हेच सांगत होती. बेल वाजली, की कुणीतरी ऐकतंय हे आतल्याला कळतं. पण एकटीनं जाऊ नका. धोका वाटला तर ११२ वर फोन करा. महिलांसाठी १८१ आहेच. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याप्रमाणे शेजारीणसुद्धा संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर कसलंही बालंट येत नाही. रस्त्यात कुणी पडलं असेल तर "कुणीतरी पाणी आणा" असं म्हणू नका. "अहो निळ्या शर्टवाले भाऊ, तुम्ही आणा" म्हणा. बोट दाखवलं की माणूस हलतो.

एका विरजणानं तिचा संसार सावरला, असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी जिन्यात ती थांबली. म्हणाली, "काकू, दही लागलं का हो?"

म्हटलं, "छान लागलं गं. तूही येत जा, काही लागलं तर. अपरात्रीसुद्धा."

परवा ती आली. हातात रिकामी वाटी होती. मी तिला आत घेतलं आणि दार लावलं.