न दिसणारा धूर

वर्धा-यवतमाळ रस्त्यावरच्या आमच्या देवळीत ट्रॅक्टरची तब्येत धुरावरून ठरते. काळा धूर निघाला की मिस्त्रीकडे न्यायचा आणि धूर दिसेनासा झाला की काम झालं. मी डिझेल इंजिनांवर पीएचडी करतोय, आणि माझ्या कामातली मुख्य अडचण नेमकी इथेच आहे.

काळा धूर म्हणजे अर्धवट जळालेल्या इंधनाची काजळी. ती कमी करायची तर ज्वलन जास्त गरम आणि पूर्ण व्हायला हवं. पण सिलिंडरच्या आत तापमान साधारण १५०० अंश सेल्सियसच्या वर गेलं की हवेतला एरवी शांत असणारा नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळतो आणि नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. ते डोळ्यांना जवळजवळ दिसत नाहीत. तापमान उतरवलं की हे वायू कमी होतात, पण काजळी परत वाढते.

मी सरकीच्या तेलाचं बायोडिझेल घेऊन प्रयोग करतो. कापसाच्या गावातून आल्यावर दुसरं काय निवडणार! नुसतं तेल फार घट्ट, इंजेक्टरमधून त्याचा नीट फवारा होत नाही. म्हणून मिथेनॉल आणि उत्प्रेरक घालून त्यातलं ग्लिसरीन खाली बसवायचं. उरलेल्या इंधनात वजनाने सुमारे ११ टक्के ऑक्सिजन असतो, त्यामुळे काजळी घटते. नायट्रोजन ऑक्साइड मात्र बहुतेक वेळा थोडे वाढतात. हेच वायू उन्हात इतर प्रदूषकांशी मिळून जमिनीलगत ओझोन तयार करतात, आणि ओझोन ज्या पिकांना सोसत नाही त्यांत कापूसही आहे.

हे मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे पऱ्हाटीच्या तेलावर चालवा, अन् धूर पऱ्हाटीलेच खाईन?"

मग मी त्यांना नव्या ट्रकांबद्दल सांगितलं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. तेव्हापासून अनेक ट्रकांत डिझेलच्या टाकीशेजारी दुसरी छोटी टाकी असते. तिच्यात ३२.५ टक्के युरियाचं पाणी. गरम धुरात त्याचा अमोनिया होतो आणि तो नायट्रोजन ऑक्साइडचं रूपांतर साध्या नायट्रोजन आणि पाण्यात करतो.

"युरिया? आमाले लाइनीत उभं राहून भेटत नाई, अन् ट्रकाले पाजतेत?"

मी हसलो, पण आमच्या वीस वर्षं जुन्या ट्रॅक्टरला यातलं काहीच नाही. सोयाबीन काढायच्या दिवसांत त्यावर थ्रेशर चालतं आणि बाबा तासन् तास त्याच्या बाजूला उभे असतात. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला. प्रबंधात मी ते एका ओळीत लिहिलंय. बाबांना दोन हिवाळे खोकला आहे आणि ते म्हणतात, भुसा आहे. भुसा असेलही. मला ते वेगळं करून दाखवता येत नाही.

नवा ट्रॅक्टर आम्हाला परवडणार नाही. म्हणून यंदा जे होण्यासारखं होतं ते केलं: एअर फिल्टर बदलला, इंजेक्टर तपासून घेतले. शेवटी बाबांना म्हटलं, ट्रॅक्टर असा लावा की वारा धूर तुमच्यापासून पलीकडे नेईल.

"हे शिकाले पाच वर्षं लागले तुले?" ते म्हणाले. पण वाऱ्याचा अंदाज घेत त्यांनी ट्रॅक्टर फिरवला, आणि मजुरांनाही या बाजूला यायला सांगितलं.