हलके सोने

माणसाची श्रीमंती त्याने उचललेल्या ओझ्यावर मोजली असती, तर आमच्या घराण्याची गणना जहागीरदारांत झाली असती. माझे वडील भुसार बाजारात हमाल होते. शंभर किलोंचे पोते मानेवर घेऊन ते ट्रकला लावलेल्या फळीवरून उतरत, तेव्हा फळी लवताना दिसे. त्यांच्या पोटी जन्म घेतल्यामुळेच असेल, पण कोणतीही वस्तू दिसली की तिची किंमत मला सुचत नाही, वजन सुचते. लग्नाच्या पंगतीत लाडवांची परात घेऊन फिरणारा मुलगा पाहिला, तरी मी मनातल्या मनात किलो मोजू लागते.

अशा बाईच्या नशिबी नातू आला तो माइनक्राफ्ट खेळणारा! ज्यांच्या घरी शाळकरी मूल आहे त्यांना हे नाव सांगावयास नको. २०११ साली पूर्ण रूपात बाहेर पडलेला हा खेळ. त्यातले सारे जग ठोकळ्यांचे, आणि एकेक ठोकळा मीटरभर लांब, मीटरभर रुंद, मीटरभर उंच. खेळणाऱ्याच्या पोतडीत ३६ कप्पे असतात आणि एका कप्प्यात एका जातीचे ६४ ठोकळे मावतात. नातवाने हे सहज सांगितले. मी मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसले.

एक घनमीटर सोने म्हणजे १९.३ टन. कप्प्यात ६४ ठोकळे, म्हणजे बाराशे पस्तीस टन. असे ३६ कप्पे भरले की झाले ४४,४६७ टन! मालगाडीच्या एका वाघिणीत साठेक टन माल बसतो असे धरले, तर सातशेहून अधिक वाघिणींचा हा ऐवज खिशात टाकून आमच्या नातवाचा तो चौकोनी डोक्याचा गडी धावतो, उड्या मारतो, शिडी चढतो. गंमत पुढेच आहे. सोन्याचा ठोकळा नऊ विटांचा होतो, म्हणजे एक वीट दोन टनांहून भारी. एका सफरचंदाला अशा आठ विटा लावल्या की सोनेरी सफरचंद तयार होते. हे सतरा टनांचे फळ तो गडी दोन सेकंदांच्या आत खाऊन टाकतो! आणि इतके ज्याला पेलते त्याला केक मात्र एका कप्प्यात एकच ठेवता येतो. तलवारही एकच. आमच्या अण्णांनी हा हिशेब ऐकला असता, तर तपकिरीची डबी खाली ठेवून विचारले असते, "हा केक कसला गं? शिशाचा?"

"आजी, खेळात वजन नसतंच. तू उगाच मोजतेस," नातू म्हणाला.

थोरली नात मध्ये पडली. तिच्या खेळात, स्कायरिममध्ये, वजन आहे. हाही २०११ चाच. तेथे आरंभी ३०० पर्यंत भार नेता येतो. त्याहून काडीभर अधिक झाला की पळणे बंद, रखडत चालावयाचे. हे ३०० म्हणजे शेर, किलो की मण, याचा उलगडा नाही. अजगरासारख्या उडत्या राक्षसाचे एक हाड १५ भरते. त्या हाडांपायी आमची नात वाटेत चिलखते, ढाली आणि पनीरचे गड्डे फेकून देते. पण सोन्याच्या मोहरा? त्यांना वजनच नाही! लाखभर मोहरा घेऊन खुशाल डोंगर चढा. हा हिशेब एखाद्या सावकाराने मांडला असावा अशी मला दाट शंका आहे.

खेळ रचणारे काही वेडे नाहीत. वस्तूचा भार खरा असावा म्हणून ते तो आकडा लिहीत नाहीत. खेळणाऱ्याने हे घेऊ की ते घेऊ अशा पेचात पडावे, म्हणून लिहितात. खऱ्या वजनाने घर बांधावयाचे म्हटले तर पोर एकच ठोकळा ढकलत बसेल. हमाली करावयास कोण खेळेल?

तर तसाही एक खेळ निघाला आहे. हिदेओ कोजिमा या जपानी गृहस्थांनी २०१९ साली डेथ स्ट्रँडिंग नावाचा खेळ काढला. त्याचा नायक चक्क हमाल आहे. प्रत्येक डब्याचे वजन किलोंत. पाठीवर उंच रास रचली की तोल जातो, तो डावी-उजवीकडे सावरावा लागतो. चालून चालून जोडे झिजतात. नातीने तो लावला तेव्हा मी स्वयंपाक टाकून पाहत बसले. तो गडी नदीत घसरला नि त्याचे डबे वाहून गेले, तेव्हा माझा जीव खरोखर वरखाली झाला.

अण्णांच्या मानेवर घट्टा होता, लिंबाएवढा. लहानपणी मी तो दाबून पाहत असे. प्रौढ पुरुषाने नेहमी उचलावयाचा भार ५५ किलोंहून अधिक असेल तर तो लवकरात लवकर उतरवावा, अशी शिफारस जिनेव्हाच्या श्रम परिषदेने १९६७ साली केली. बाजारातल्या पोत्याला ती कोणी वाचून दाखविली नाही. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी-हमालांचा कायदा झाला; त्यातून मंडळे आली, भविष्यनिर्वाह निधी आला. पोते मात्र अण्णांच्या वेळी शंभराचेच राहिले. शेवटच्या वर्षांत पाण्याचा तांब्या उचलताना त्यांचा हात कापे. मग आई तो त्यांच्या ओठांशी धरी.

"पणजोबांनी एकूण किती उचललं असेल?" परवा नातवाने विचारले.

मी पुन्हा कागद घेतला. दिवसाला साठ पोती, म्हणजे ६ टन. सण, आजारपण, संप वजा जाता वर्षाचे अडीचशे दिवस. दीड हजार टन. अशी तीस वर्षे. ४५,००० टन! मी बेरीज पुन्हा केली. त्याने आपल्या यंत्रावर करून पाहिली.

"म्हणजे पणजोबा पाचशे टनांनी पुढे!" तो ओरडला, आणि कानाला लावलेल्या यंत्रातून पलीकडे खेळणाऱ्या मित्राला त्याने तो आकडा सांगितला. मित्राचा विश्वास बसेना. पोतडीत इतके कप्पेच नसतात, असे त्याचे म्हणणे पडले.