ग्लीन, क्लीन आणि सरवा

गेल्या आठवड्यात टीममधल्या एका नव्या मुलीने माझ्या प्रेझेंटेशनमध्ये चूक काढली. तिसऱ्या स्लाइडवर म्हणे ‘क्लीन’ हवं, तिथे ‘सी’च्या जागी ‘जी’ पडलाय. म्हटलं, बाई गं, क्लीन नाही, ग्लीनच आहे ते. तीन वर्षांच्या सपोर्ट तिकिटांमधून आपण जे काही ‘ग्लीन’ केलं, ते त्या स्लाइडवर आहे.

“म्हणजे गॅदर?”

“हो, तेच.”

“मग गॅदरच लिही ना!”

आता हिला काय सांगणार? गॅदर लिहिलं की कसं भाजी गोळा केल्यासारखं वाटतं. ग्लीन म्हटलं की क्लायंटला वाटतं, या लोकांनी बरीच मेहनत घेतलेली दिसते. मी हा शब्द दहा-बारा वर्षं तरी फेकतोय. ‘फ्रॉम व्हॉट आय कुड ग्लीन’ हे तर माझं मीटिंगमधलं पेटंट वाक्य. पण गोळा करणं आणि ग्लीन करणं यात फरक काय, असं तिने विचारलं असतं तर मी चाचपडलोच असतो. म्हणून शनिवारी सकाळी चहाचा कप आणि डिक्शनरी घेऊन बसलो.

तर मंडळी, हा शब्द ऑफिसातला नाहीच. हा शेतातला आहे. पीक कापून, बांधून, मालकाने नेल्यावर रानात जी चार कणसं, जे चार दाणे पडून राहतात, ते वाकून वाकून वेचणं म्हणजे ग्लीन. इंग्रजीत तो चौदाव्या शतकात आला, जुन्या फ्रेंचमधल्या ‘ग्लेने’वरून. आजच्या फ्रेंचमध्ये ‘ग्लाने’ म्हणतात. त्याच्यामागे उत्तरकालीन लॅटिनमधलं ‘ग्लेनारे’, आणि त्याच्याही मागे बहुधा केल्टिक मूळ. म्हणजे रोमन लोक आले, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांच्या तोंडात असलेला हा शब्द असावा. राज्यकर्त्यांनी कायद्याचे आणि कराचे शब्द आपले चालवले, पण पडलेली कणसं वेचायला शब्द मात्र गावातलाच घेतला, असं दिसतं.

माझा समज होता की माहिती ‘ग्लीन’ करणं हे अलीकडचं कॉर्पोरेट फॅड असणार. साफ चूक. इंग्रजीत हा शब्द जवळजवळ पहिल्यापासून असा लाक्षणिक अर्थानेही वापरलाय. चौदाव्या शतकातच चॉसर या कवीने ‘द लेजंड ऑफ गुड विमेन’च्या प्रस्तावनेत तो स्वतःसाठी वापरला. भाव असा, की आधीचे कवी सगळं पीक कापून घेऊन गेले, मी आपला मागून येतोय, त्यांनी सोडलेलं एखादं चांगल्या शब्दाचं कणीस सापडलं तरी आनंद आहे. बघा, एवढा मोठा कवी, पण आपण कुणाच्या रानात उभे आहोत हे विसरत नाही.

त्यातून पुढे एक गंमत हाती लागली. ग्लीन यायच्या आधी इंग्रजांचा स्वतःचा शब्द होता ‘लीझ’. (भाड्याने घेतो ते लीझ नव्हे, हा वेगळा.) त्याचा जर्मन भाऊ ‘लेझन’. त्याचा अर्थ वेचणं, आणि वाचणंसुद्धा! जर्मन माणूस द्राक्षं आणि पुस्तक एकाच क्रियापदाने हाताळतो. लॅटिनमध्येही तेच, ‘लेगेरे’ म्हणजे वेचणे आणि वाचणे. कलेक्ट आणि लेक्चर हे दोन्ही शब्द त्याच घरातले. आपल्याकडे वाचणे आणि वेचणे एवढे जवळजवळ उभे असताना त्यांचं मूळ मात्र वेगळं, एक ‘वच्’वरून आणि दुसरं ‘चि’वरून. पण नातं नसलं तरी शेजार आहेच. पुस्तकातल्या उताऱ्यांना आपण ‘वेचे’ म्हणतो. आणि ‘टिपणे’ तर त्याहून भारी. चिमणी दाणे टिपते, आणि आपण मीटिंगमध्ये टिपणं काढतो.

इथपर्यंत पोचल्यावर मी खूश होऊन स्वयंपाकघरात गेलो. आई मेथी निवडत बसली होती. म्हटलं, आई, शेतात पीक काढून झाल्यावर मागे पडलेली कणसं वेचतात, त्याला मराठीत काही शब्द आहे का गं?

तिने मान वर न करता सांगितलं, “सरवा.”

मला वाटलं होतं ती आठवायला वेळ घेईल. चाळीस वर्षांत हा शब्द मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता. विचारलं, तुला कसं माहीत? तर म्हणाली, “मला कसं म्हणजे? आम्ही जायचो की. मी, तुझी मावशी न् तुझी आजी.”

आईचं माहेर बार्शी तालुक्यातलं, हे मला माहीत. शेती नव्हती, आजी रोजाने जायची, हेही माहीत. पण सरव्याला जायची, हे कधीच बोललं गेलं नव्हतं. मी एक विचारलं आणि ती मेथी निवडता निवडता सांगत गेली. शाळूची काढणी व्हायची, कणसं मोडून खळ्यावर जायची, कडब्याच्या पेंढ्या बांधल्या जायच्या. त्या पेंढ्या गाडीत भरून रान मोकळं झालं, की मग बायका-पोरं सरव्याला. कडब्याखाली राहिलेली, उंदरांनी अर्धी खाल्लेली, बोटभर लांबीची कणसं. भुईमुगाचा सरवा असेल तर खुरप्याने माती उकरायची आणि तुटून राहिलेल्या शेंगा काढायच्या. हात भेगाळायचे. दिवसभर वाकून शेर-दीड शेर जोंधळा झाला तर नशीब.

मी म्हटलं, मग बहात्तरच्या दुष्काळात तर फारच जावं लागलं असेल. तिने माझ्याकडे असं बघितलं, की एवढा शिकलास आणि हेच का! “अरे, पीकच नव्हतं, तर सरवा कुठला? तेव्हा खडी फोडायला जायची तुझी आजी. सुकडी मिळायची. रेशनला ती लाल मिलो. सरवा असतो तो सुगी झाल्यावर. मालकाला मिळालं तर आपल्याला.”

आणि नियम होते. शेवटची पेंढी रानातून हलल्याशिवाय बांधावरून आत पाय टाकायचा नाही. उभ्या ताटाला हात लावायचा नाही, ते कितीही एकटं उभं असलं तरी. घरी आलं की आजी पाटी खाली ठेवायच्या आधी विचारायची, “कुणाच्या रानातला?” नाव सांगायला लागायचं. एकदा मावशीने रान मोकळं व्हायच्या आधीच ओटीत पाच-सहा कणसं आणली, तर आजीने तिला तशीच परत पाठवली होती. अंधार पडला होता तरी.

“बाबांना माहीत होतं हे?” मी विचारलं.

“त्यांना होतं. त्यांच्या घरी नव्हतं. कशाला सांगायचं?”

खोलीत येऊन मी पुन्हा वाचत बसलो, पण आता प्रत्येक गोष्टीत मला आजीची पाटी दिसायला लागली. बायबलच्या जुन्या करारात शेतकऱ्याला सरळ आज्ञाच आहे. शेताच्या कडेपर्यंत कापू नकोस, पडलेलं वेचायला परत जाऊ नकोस, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे. त्याच करारात रूथची गोष्ट येते. ती विधवा, परक्या देशातली, सासूला घेऊन आलेली, आणि सरवा वेचून दोघींचं पोट भरते. शेताचा मालक बोआझ आपल्या गड्यांना सांगतो, की पेंढ्यांमधून मुद्दाम थोडी कणसं गळू द्या, आणि तिला बोलू नका. मला त्यातलं ‘बोलू नका’ फार महत्त्वाचं वाटलं. धान्य काय, कोणीही देईल.

इंग्लंडमध्ये सरव्याला इतकी प्रतिष्ठा होती, की काही गावांत चर्चची घंटा वाजवून त्याची वेळ जाहीर करत. सकाळच्या घंटेआधी कुणी रानात जायचं नाही आणि संध्याकाळच्या घंटेनंतर थांबायचं नाही, म्हणजे लेकुरवाळीला आणि म्हातारीलाही सारखी संधी. मग 1788 साली सफोक परगण्यातल्या टिमवर्थ गावचा एक खटला लंडनच्या कोर्टापुढे आला. स्टील नावाचा शेतकरी विरुद्ध हॉटन. मेरी हॉटन या बाईने त्याच्या शेतातला सरवा वेचला होता. न्यायाधीशांनी बहुमताने निकाल दिला, की सरवा वेचणं हा कॉमन लॉप्रमाणे कुणाचा हक्क नाही. मालकाने वेचू दिलं तर ती त्याची मेहेरबानी. शेकडो वर्षांची रीत, एका निकालात ती ट्रेसपास झाली. बायका ऐकल्या नाहीत म्हणा. त्यानंतरही कित्येक वर्षं त्या जातच राहिल्या. पुढे यंत्रं आली आणि रानात पडून राहणारं धान्यच कमी झालं, ते मात्र कोर्टापेक्षा भारी पडलं.

आपल्याकडची कथा तर अजून तिरपी आहे. संस्कृतमध्ये याला उंछवृत्ती म्हणतात. दाणे वेचणं ते उंछ, कणसं वेचणं ते शिल. मनुस्मृतीत ब्राह्मणाच्या उपजीविकेची जी यादी आहे, तिच्यात उंछशिलाला ‘ऋत’ असं भारदस्त नाव आहे. मागून आणणं त्याच्या खालचं, व्यापार आणखी खालचा, आणि नोकरी? नोकरी म्हणजे श्ववृत्ती, कुत्र्याचं जिणं. (अप्रेझलच्या महिन्यात हे वाचू नये.) वैशेषिक दर्शनाचे कणाद यांचं नावच मुळी कण खाणारा. महाभारतात ते अर्ध्या सोन्याचं मुंगूस युधिष्ठिराच्या अश्वमेधात येऊन सांगतं, की तुमच्या या एवढ्या यज्ञापेक्षा कुरुक्षेत्रातल्या एका उंछवृत्तीच्या ब्राह्मणाने अतिथीला दिलेलं मूठभर सातू मोठं होतं. सुंदर गोष्ट आहे, लहानपणापासून ऐकलेली. पण शनिवारी ती वाचताना थोडा राग आला. तेच वाकणं, तेच वेचणं. ऋषीने केलं तर ते व्रत. माझ्या आजीने केलं तर ते सासरी सांगायचं नाही असं काहीतरी.

असो. मूळ मुद्दा स्लाइडचा.

रविवारी सकाळी ती पुन्हा उघडली. तिकिटांवरून काढलेले पाच ग्राफ. खाली माझं ‘ग्लीन’. आणि एकदम आजीचा प्रश्न आला, कुणाच्या रानातला?

खरं सांगायचं तर ती तिकिटं मी वाचलेलीच नाहीत. आमचा एक सीनियर होता. तीन वर्षं तो रोज संध्याकाळी दिवसभराची तिकिटं एका एक्सेलमध्ये उतरवायचा, प्रत्येकापुढे खरं कारण लिहायचा. त्याला तसं कुणी सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी कंपनीने जी माणसं कमी केली, त्यात तो गेला. ती शीट शेअर्ड ड्राइव्हवर तशीच राहिली. मी ती उघडली, चार पिव्होट टाकले, ग्राफ काढले आणि पहिल्या स्लाइडवर माझं नाव घातलं. यात सरवा कुठला? ते तर अख्खं पीक होतं. मळून, पाखडून, पोत्यात भरून ठेवलेलं. मालकाला ते घेऊन जायला मिळालं नव्हतं, एवढंच.

तेव्हा त्या मुलीचंच बरोबर होतं, शब्द चुकलाच होता. मी ‘ग्लीन’चं वाक्य काढून टाकलं आणि तिथे त्याचं नाव लिहिलं, शीट कुणी बनवली आणि किती वर्षं, तेही. मग त्याला फोन केला. त्याने पहिल्यांदा विचारलं, की तारखेचा कॉलम अजून डे-मंथ उलटा येतो का. म्हटलं, येतो. म्हणाला, तो फॉर्म्युला मी दुरुस्त करणार होतो, राहिलाच. मग आम्ही फोनवरच तो दुरुस्त केला.

दुपारी आईला मोबाइलवर मिलेचं ते प्रसिद्ध चित्र दाखवलं, ‘द ग्लीनर्स’, 1857 सालचं. हल्ली ते पॅरिसच्या ऑर्से म्युझियममध्ये असतं. पुढे तीन बायका कापलेल्या रानात सरवा वेचतायत, आणि लांब मागे धान्याच्या मोठाल्या गंजी. आईने चष्मा लावून बराच वेळ बघितलं. ओचा बरोबर बांधलाय म्हणाली, त्यात कणसं राहतात. मधलीचा हात तिला पटला. तिसरी नीट वाकलेली नाही, तिची कंबर गेली असणार. मग दोन बोटांनी चित्र मोठं करत करत ती उजव्या कोपऱ्यात गेली.

“हा घोड्यावर कोण? मालक?”

“मुकादम असावा.”

“लांब आहे ते बरंय,” असं म्हणून तिने फोन परत दिला.