मात्सुमोतो : पायथ्याशी भेटणारा किल्ला

जपानच्या नागानो प्रांतात, उंच पर्वतरांगांच्या कुशीतील सपाटीवर मात्सुमोतो हे शहर वसले आहे. त्याच्या मध्यभागी, खंदकाच्या पाण्यात प्रतिबिंब पाडत काळ्या फळ्यांचा किल्ला उभा आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला मुख्य मनोरा बाहेरून पाच मजली भासतो. आत मात्र सहा मजले आहेत. १८७२ मध्ये हा मनोरा लिलावात निघाला होता. इचिकावा र्योझो या नागरिकाने त्यातच प्रदर्शने भरवून पैसा उभा केला आणि तो पाडण्यापासून वाचवला. पुढे कोबायाशी उनारी या मुख्याध्यापकांनी त्याच्या डागडुजीसाठी पुढाकार घेतला.

ज्येष्ठांसह येथे जाणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच ध्यानी घ्यावी. मनोऱ्यात लिफ्ट नाही. पादत्राणे काढून गुळगुळीत लाकडावरून चालावे लागते आणि सर्वांत उभ्या जिन्याचा चढ ६१ अंशांचा आहे. गुडघ्यांची खरी परीक्षा उतरताना होते. म्हणून सांधेदुखी, चक्कर किंवा तोल जाण्याचा त्रास असल्यास वर जाण्याचा मोह टाळावा. सोबत्यांनी आळीपाळीने वर जावे. एकाने ज्येष्ठांजवळ थांबावे. यात त्यांचे फारसे काही हुकत नाही. काळा मनोरा, शेजारचा चंद्रदर्शनाचा सज्जा आणि मागचे डोंगर हे सारे दृश्य खालूनच पूर्णत्वाने दिसते.

किल्ल्यापासून काही मिनिटांवर मेतोबा नदीकाठी नावाते ही छोट्या दुकानांची गल्ली आहे. शहरात जागोजागी झऱ्यांच्या विहिरी आहेत. गेंची विहिरीवर नागरिक आजही पाणी भरतात.

या प्रांताची आरोग्यकथाही बोधप्रद आहे. दीर्घ हिवाळ्यामुळे खारवलेल्या भाज्या आणि मिसो हा येथील नित्याचा आहार. पक्षाघाताचे प्रमाण एके काळी मोठे होते. गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविकांनी घरोघरी मीठ कमी करण्याचा आग्रह धरला, भाजीपाल्याचे महत्त्व पटवले. २०१० च्या आकडेवारीत नागानोचे स्त्री-पुरुष दोघेही आयुर्मानात जपानमध्ये अग्रस्थानी होते.

येथे सोबा, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, अवश्य चाखाव्यात. रक्तदाब असणाऱ्यांनी मात्र वाडग्यातील खारट रस्सा तसाच ठेवावा.