तुटलेला तुकडा

मालवण, डिसेंबर.

आज सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात उतरले. फुलपाखरू माशाचा फोटो घेण्याच्या नादात माझ्या पायातला फिन प्रवाळाला घासला आणि बोटाच्या पेराएवढा तुकडा गळून पडला. पोटात कालवलं. हे गोळ्यासारखं प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. इथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, हे मला ठाऊक होतं. तरी नजर स्क्रीनवरच.

शेजारी कुणी फोटोसाठी माशांना पाव चारत होतं. तेही चूकच, त्यांचं खाणं खडकावरचं शेवाळ, प्रवाळ, बारीक जीव.

श्वासावर ताबा ठेवून एका जागी तरंगता येत नसेल, तर कॅमेरा हातात घेऊच नये. उद्या मी रिकाम्या हातांनी उतरणार आहे.