अस्सल चवीचा पत्ता

‘अस्सल’ हा शब्द मराठीत अरबीतून आला. मूळ शब्द ‘अस्ल’. अर्थ मूळ, उगम. ज्या शब्दाने आपण एखाद्या गोष्टीचे मूळपण जोखतो तो शब्दच परमुलखातला, हे वर्गात सांगितले की विद्यार्थी हसतात, आणि पुढच्या आठवड्यात ‘अस्सल ग्रामीण’, ‘अस्सल देशी’ असे शेरे निबंधांतून बिनदिक्कत लिहून आणतात. समीक्षेत हे चालून जाते. जेवणाच्या ताटासमोर मात्र या शब्दाची परीक्षा होते, आणि ती मॉरिशससारख्या बेटावर फारच कठीण होते.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. मॉरिशसला जाण्याचा योग आला तेव्हा निघण्यापूर्वी जो तो सांगे, ‘हॉटेलात जेवू नका, तिथले अस्सल खा.’ सल्ला रास्त होता. पण ‘तिथले’ म्हणजे कोणाचे? १५९८ मध्ये डच खलाशी या बेटावर उतरले तेव्हा येथे मनुष्यवस्ती नव्हती. डचांनी जावाहून ऊस आणि हरणे आणली आणि १७१० मध्ये ते बेट सोडून गेले. १७१५ मध्ये फ्रेंच आले. त्यांच्या मळ्यांसाठी मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणले गेले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली. पण त्याआधीच, १८३४ पासून, हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर येऊ लागले होते. पुढे चिनी दुकानदार आले. जेथे सगळेच बाहेरून आले, तेथे मूळचे अन्न शोधायचे तरी कोणाच्या चुलीवर?

आमच्यापुरते उत्तर पोर्ट लुईच्या सेंट्रल मार्केटबाहेर सापडले. सकाळच्या वेळी तेथे काचेची पेटी ठेवलेले लहान गाडे उभे असतात. पेटीत पातळ, पिवळसर पुऱ्यांची चळत कापडात ऊबदार ठेवलेली असते. हीच मॉरिशसची ‘धोल पुरी’. नाव पुरीचे असले तरी ती तळत नाहीत, तव्यावर भाजतात. पिवळी डाळ शिजवून, निथळून, कोरडी दळायची, जिरे-हळद घालून कणकेच्या गोळ्यात भरायची आणि लाटायची. मराठी माणसाला पुरणपोळीची आठवण यावी अशीच ही रीत, फक्त आत गूळ नाही. विक्रेता विचारतो, ‘एन पेर?’ म्हणजे ‘एक जोडी?’, कारण धोल पुरी जोडीनेच विकली जाते. त्यावर डबल बीची आमटी, टोमॅटोचा ‘रुगाय’, कोथिंबीर-मिरचीची चटणी. मग गुंडाळी करून कागदात. रांगेत बंदरावरचा कामगार असतो, बँकेतला कारकून असतो, शाळेचा गणवेश घातलेली मुले असतात. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, चिनी असा भेद त्या रांगेला नाही. बिहारातल्या दालपुरीपासून निघालेला हा पदार्थ आता कोणा एका समाजाचा उरलेला नाही.

या मिश्रणाचे कौतुक करताना एक सावधगिरी बाळगावी लागते. हे मिश्रण हौसेने झालेले नाही. बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर आप्रवासी घाट आहे. २००६ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. त्याच्या सोळा दगडी पायऱ्या चढून लाखो मजूर या बेटावर आले. आरंभीचा करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये आणि वर शिधा. एक दिवस गैरहजर राहिले की दोन दिवसांचा पगार कापायचा, ही रीत १९०९ पर्यंत चालू होती. शिध्यात तांदूळ आणि डाळ असे. डाळीचे जे जे करता येईल ते बायकांनी केले. मॅनिओकची, म्हणजे कसाव्याची, कथाही अशीच. गव्हर्नर माहे द ला बुर्दोने याने अठराव्या शतकात हे कंद आणवले ते गुलामांचे पोट भरण्यासाठी. आज माहेबुर येथे १८७० पासून चालत आलेल्या एका कारखान्यात त्याची बिस्किटे होतात आणि पर्यटक ती चहाबरोबर चवीने खातात. ज्याला आपण ‘स्थानिक चव’ म्हणतो तिच्या तळाशी पुष्कळदा कोणाची तरी सक्ती असते. बेटाची सुपीक जमीन ऊसाने व्यापली, म्हणून आजही तांदूळ आणि गहू बाहेरूनच येतात. जिन्नस त्या मातीतला असावा, ही अस्सलपणाची अटही येथे टिकत नाही.

भाषेच्या अभ्यासकाला तर ही पाने वाचण्यासारखी आहेत. क्रिओल भाषेत कढीपत्त्याला ‘कारीपुले’ म्हणतात, कोथिंबिरीला ‘कोतोमिली’. दोन्ही शब्द तमिळ. चटणी ‘सातिनी’ झाली. फ्रेंचमधील ‘लेझाशार’ या अनेकवचनातला ‘झ’ शब्दाला कायमचा चिकटून लोणच्याचे ‘झासार’ झाले. लोणच्याचा मूळ शब्द ‘आचार’, तो फारसी. ‘विंदाय’ नावाचा प्रकार मासळीचा किंवा ऑक्टोपसचा असतो. त्यात मोहरी, हळद, लसूण आणि व्हिनेगर. गोव्याचे ‘विंदालू’ हे त्याचे सख्खे भावंड. दोघांचेही मूळ पोर्तुगीजांच्या लसूण आणि द्राक्षारसात मुरवलेल्या मांसात आहे.

बेटाच्या पश्चिमेकडे एका मराठी कुटुंबात आम्ही जेवलो. मुंबई बंदरातून गेलेल्या मजुरांत कोकणातली माणसे पुष्कळ होती. त्यांचे वंशज आजही गणेशचतुर्थी थाटाने करतात आणि त्या दिवशी देशभर सुट्टी असते. घरात बोलणे क्रिओलमध्ये. नात शाळेत मराठी शिकत होती. आजी थोडे थांबून, शब्द जुळवून मराठी बोलत होत्या. त्यांनी गोड पोळी केली होती. पुरण हरभऱ्याच्या डाळीचेच, पण त्याला वास व्हॅनिलाचा होता. आमच्या ताटाकडे पाहत त्यांनी विचारले, ‘हे बरोबर आहे का? तिकडे असंच करतात?’

या प्रश्नातला अधिकार आम्हांला नको होता. शेकडो कोस दूर, चार-पाच पिढ्यांनंतर, केवळ हाताच्या सवयीने टिकलेली पोळी, आणि तिला गुण देणारे कोण, तर महाराष्ट्रातून आठवड्यासाठी आलेले दोन प्राध्यापक! आम्ही म्हणालो, ‘आजी, आमच्याकडे जायफळ घालतात. पण पोळी हीच.’ त्यांना आनंद झाला. जायफळाची गोष्ट मात्र मनात राहिली. ते तरी कोठे कोकणातले? त्याचे माहेर मोलुक्काची बांदा बेटे. १७७० मध्ये प्येर प्वाव्र या फ्रेंच अधिकाऱ्याने डचांचा पहारा चुकवून जायफळ आणि लवंगेची रोपे मॉरिशसलाच आणली होती. म्हणजे आजींच्या बेटावर जायफळ आणि व्हॅनिला दोन्ही परकीच. त्यांच्या घराने त्यांतले एक निवडले.

आपल्या साहित्यचर्चेत देशीपणाची कसोटी लावताना आपण बहुधा उगम पाहतो; लेखक कोठला, शब्द कोठला, कथानक कोणत्या मातीतले. ती माहिती हवीच. परंतु निकाल तिच्यावर लावला तर आजींची पोळी नापास होते, धोल पुरीची रांग नापास होते आणि खरे म्हणजे मराठीही उत्तीर्ण होणे अवघड. आम्हांला वाटते, प्रश्न निराळा विचारावा: हे रोजच्या जगण्यात कोण वापरतो, कोणासाठी करतो, आणि ते नाहीसे झाले तर कोणाचे अडेल? मोठ्या हॉटेलांतून आठवड्यातून एकदा ‘क्रिओल रात्र’ मांडतात. पदार्थ तेच असतात, नावेही तीच. पण ते नसले तर अडत कोणाचेच नाही.

तेव्हा कोणी पत्ता विचारलाच तर आम्ही असा देतो. सकाळी सेंट्रल मार्केट; तेथे धोल पुरी, आणि सब्जा घातलेले ‘आलुदा’ नावाचे थंड दूध. न्याहारीला पावात घातलेले ‘गातो पिमा’, म्हणजे डाळीचे तिखट वडे. दुपारी पोर्ट लुईच्याच चिनी वस्तीत ‘मीन’, म्हणजे नूडल्स, आणि वाफवलेल्या ‘बुलेत’. सोमवारी माहेबुरचा आठवडी बाजार. रोझ हिलला ‘देवा’कडची धोल पुरी, तेथे बसायला जागा शोधू नये, लोक उभ्यानेच खातात. आणि कोणाच्या घरी जेवायला बोलावणे आले तर अवश्य जावे. वाढणाऱ्या बाईंनी ‘बरोबर आहे का?’ असे विचारले, तर आधी आणखी एक पोळी मागून घ्यावी.