शेगड्या नकोत, मोहाखाली जाळ्या द्या

सिंदेवाही, माघ

चि. बाळ,

मित्रांनी जमवलेल्या पैशांतून ताडोबाच्या बफरमधल्या एखाद्या गावाला गॅसच्या शेगड्या द्याव्यात, असं तू लिहिलंस. मनापासून बरं वाटलं, म्हणूनच मोकळेपणानं लिहितो. शेगड्या इथं बऱ्याच घरांत आधीच पोचल्या आहेत. टाकी भरायला मात्र रोख पैसे लागतात. अंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं. सरपण कमी झालं, बंद झालं नाही.

वाघ आहे हे माहीत असून बाया जंगलात जातातच कशाला, हा तुझा प्रश्न. आपल्याकडची शेती धानाची. दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग मळणी. त्यानंतर ओलीवर लाखोळी, हरभरा झाला तर झाला. उन्हाळ्यात शेतात काम नाही आणि हातात पैसा नाही. मार्च-एप्रिलात मोह, मे महिन्यात तेंदूपत्ता. सत्तर पानांचं एकेक पुडकं बांधून फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, नेलं की जे मिळतं, त्यातच मृगाचं बियाणं, खत आणि मागची उधारी भागते. जंगलात जाणं बंद केलं तर पेरणीच अडते. बैल चरतात जंगलात, कुंपणाच्या काट्या तिथल्या, नांगराचं लाकूड तिथलं. धानाला पाणी देणाऱ्या कितीतरी मालगुजारी तलावांत पावसाचं पाणी उतरतं तेही जंगलातूनच.

ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, १९९५ साली व्याघ्र प्रकल्प, २०१० साली बफर ठरला. वाघ वाढले, कोअरबाहेर, पार ब्रह्मपुरीच्या जंगलापर्यंत पसरले. मला त्याचा आनंद आहे. पण ‘जंगलात जाऊ नका’ एवढाच फलक लावून मोकळं होणाऱ्यांचा राग येतो. मोह-तेंदूपत्त्याची ती कमाई कुठून आणायची, हे त्या फलकावर कुणी लिहीत नाही.

मोहाची फुलं रात्रभर गळतात, पहाटे सगळ्यांत जास्त. उजाडेपर्यंत थांबलं तर चितळं आणि गुरं खाऊन टाकतात. अस्वलालाही तीच फुलं लागतात. बाई टोपलं घेऊन झाडाखाली उकिडवी बसते आणि एकेक फूल वेचते. नजर खाली, पाठ जंगलाकडे. उभ्या माणसाला टाळणारा वाघ अशा खाली वाकलेल्या माणसाला जनावर समजतो, असं जुने वनरक्षक सांगतात. ‘उजेड पडल्यावर जा’ असं मी घरी कामाला येणाऱ्या बाईंना म्हटलं होतं. त्या म्हणाल्या, “मंग का रायते जी गुरुजी, झाडाखाली?” मला उत्तर सुचलं नाही.

शिवाय फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. वारा असला की तीच आग पुढे रानात पसरते.

म्हणून माझं ऐकशील तर ते पैसे जाळ्यांवर खर्च कर. झाडाखाली जमिनीपासून जरा उंच जाळी ताणली की फुलं तीत पडतात, माती लागत नाही, पाला जाळावा लागत नाही. चांगलं उजाडल्यावर चौघी-पाचजणींनी मिळून जाऊन उभ्यानं गोळा करता येतात. चितळं तोंड घालतील, त्यासाठी कडा वर बांधाव्या लागतील. पाण्यापावसात जाळी टिकायलाही हवी. आधी दहा-बारा झाडांवर करून बघू. कुठली झाडं कोणत्या घराची, हे गावात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं, तेव्हा ग्रामसभेला विचारूनच वाटप करायचं. ते मी बघतो.

होळीच्या आत जाळ्या इथं पोचायला हव्यात. भाव काढून कळव.

तुझा,
मामा